हॉजसनसाठी नऊ नव्या कथा: कल्पनेपासून टपालापर्यंत

विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाच्या स्मरणार्थ लिहिलेल्या नऊ नव्या मराठी कथा आणि त्याच्या स्वतःच्या एका कथेचा अनुवाद, असं आमचं पुस्तक जानेवारी २०२५ मध्ये छापून आलं. कामाला सुरुवात झाली होती जुलै २०२३ मध्ये. मधल्या काळात कॉपीराइट, करारपत्रं, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), फॉन्ट, छापखाना, टपाल अशा बऱ्याच गोष्टींतून जावं लागलं. यातलं काहीच मला आधी ठाऊक नव्हतं, आणि मराठीत एका जागी लिहिलेलंही सापडलं नाही. एखाद्या विसरल्या गेलेल्या लेखकासाठी असं काही करावं, असं ज्यांच्या मनात घोळत असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे. खर्चाचे आकडे आमचे आहेत, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. थर्ड इंजिनिअर असताना बारा ते चारच्या वॉचनंतर झोप यायची नाही, तेव्हा फोनवर जे मिळेल ते वाचायचो. त्यात हॉजसन हाताला लागला. १९०७ साली छापलेली त्याची एक कथा आहे. उत्तर पॅसिफिकमध्ये वारा पडलेला, धुकं, रात्रीची वेळ, आणि अंधारातून एका होडीतून कुणीतरी हाक मारतं. त्याला खायला हवं आहे, पण उजेडात यायला तो तयार नाही. तो का येत नाही, हे हळूहळू कळत जातं. तिच्यात भीती आहेच. पण मला धरून ठेवलं ते तिच्यातल्या जहाजाने. डेकवर कोण आहे, कंदील कुठे आहे, खाली कोण झोपलंय, सगळं चोख. लिहिणारा माणूस स्वतः डेकवर उभा राहिलेला आहे, हे दोन परिच्छेदांत कळतं.

आणि तो खरंच उभा राहिलेला होता. १८७७ मध्ये एसेक्समधल्या एका पाद्र्याच्या घरी जन्म, घरात बारा भावंडं. कोवळ्या वयात शिडाच्या जहाजांवर उमेदवारीला गेला. तिथे पोरांना मारहाण व्हायची, म्हणून त्याने शरीर कमावलं. न्यूझीलंडजवळ समुद्रात पडलेल्या एका सोबत्याला वाचवण्यासाठी उडी टाकली, त्याबद्दल त्याला रॉयल ह्यूमेन सोसायटीचं पदक मिळालं. पुढे बोटी सोडून ब्लॅकबर्नला व्यायामशाळा काढली. १९०२ मध्ये जादूगार हुदिनी तिथे आला, तेव्हा त्याला स्टेजवर बेड्यांत जखडणारा हाच. १९०५ मध्ये, आपण समुद्रावर का नाही, असा लेखच त्याने लिहिला, उमेदवार पोरांचे हाल सांगणारा. मग पाच वर्षांच्या आत चार कादंबऱ्यांपैकी तीन. एप्रिल १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर तोफगोळा लागून गेला, वय चाळीस. बायकोने, बेटीने, त्याच्या कविता छापून घेतल्या, पण लोक त्याला विसरत गेले. १९३० नंतर अमेरिकेतला एक वाचक, एच. सी. केनिग, त्याची पुस्तकं ह्याला त्याला वाचायला देत राहिला. त्या खटपटीतूनच १९४६ मध्ये त्याच्या कादंबऱ्यांचा एकत्र ग्रंथ अमेरिकेत निघाला. एका वाचकाच्या चिकाटीने लेखक परत उभा राहतो, हे मला फार मोठं वाटलं.

त्याच्यावरून नवं लिहिण्याची कल्पना काही माझी नाही. त्याच्या एका कादंबरीतल्या काळोख्या भविष्यकाळावर नव्या लेखकांनी लिहिलेल्या कथा अँडी रॉबर्टसन या संपादकाने २००३ मध्ये इंग्रजीत काढल्या आहेत. आम्हाला त्याचं भविष्य नको होतं, त्याचा समुद्र हवा होता. हॉजसन बोटीवर होता त्याच काळात रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याकडचे स्टुअर्ड ब्रिटिश आगबोटींवर काम करत होते. सारंग, टिंडल ही त्यांच्या हुद्द्यांची नावं इंग्रज कंपन्यांच्या कागदपत्रांत आहेत. त्यांनी रात्रीच्या पाळीत काय पाहिलं असेल, ते लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. ते कुणीतरी लिहावं, असं मला मनापासून वाटत होतं.

कॉपीराइटची खात्री

पहिलं काम हे. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. १९९२ पर्यंत ही मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे हॉजसनचं लेखन १९६८ च्या अखेरीसच मोकळं झालं. म्हणजे त्याची कथा अनुवादायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचा कॉपीराइट वेगळा असतो. आधी कुणी केलेला अनुवाद असेल तर त्याचाही. म्हणून मी १९१४ मध्ये, त्याच्या हयातीत निघालेल्या संग्रहातला पाठ घेतला आणि त्यावरूनच काम केलं.

तुमचा लेखक मराठी असेल आणि त्याला जाऊन ६० वर्षं झाली नसतील, तर वारसांची लेखी परवानगी हवी. नुसत्या 'स्मरणार्थ' कथा असतील आणि त्यांत त्याची पात्रं, त्याचा मजकूर नसेल, तर प्रश्न येत नाही. आमच्याकडे एक चांगली कथा आली होती, पण तिच्यात मराठीतल्या एका लोकप्रिय भयकथालेखकाचं गाजलेलं पात्र होतं. लेखकाला ते बदलायचं नव्हतं. ती कथा सोडून द्यावी लागली आणि मला त्याचं वाईट वाटलं.

आवाहन आणि निवड

ऑगस्ट २०२३ मध्ये आवाहन केलं. अटी थोड्याच ठेवल्या: समुद्र, खाडी, बंदर किंवा जहाज हवं, शब्द अडीच ते सहा हजार, हॉजसनच्या भाषेची नक्कल नको, पात्रं स्वतःची, मजकूर युनिकोडमध्ये. मुदत ३० नोव्हेंबर. पहिले दोन महिने जवळजवळ काही आलं नाही. त्या दिवसांत रोज धाकधूक व्हायची. मग शेवटच्या आठवड्यात एकदम ढीग आला, एकूण साठेक कथा झाल्या. आवाहन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मधल्या शांततेने खचून जाऊ नये.

वाचणारे आम्ही तिघं: मी, माझी एक वकील मैत्रीण, आणि आमच्या गावातले निवृत्त मराठीचे सर. कथेवरचं नाव झाकून वाचायचं ठरवलं होतं. हे काम सरांनी आपल्याकडे घेतलं, मेल तेच उतरवून घ्यायचे आणि क्रमांक घालून आम्हाला द्यायचे.

बहुतेक कथांत एक गोष्ट सारखी होती. वाड्यातलं भूत उचलून होडीत ठेवलेलं. कुणावर तरी अन्याय झालेला, त्याचा सूड, शेवटी उलगडा. अशा कथा वाईट असतात असं नाही, आपल्याकडे त्यांची मोठी परंपरा आहे. पण हॉजसनच्या समुद्रातलं जे काही आहे, ते न्याय मागायला येत नाही. त्याला माणसाचं नावही माहीत नसतं. माणूस त्याच्या वाटेत आला, एवढंच. आम्ही जे निवडलं ते या कसावर. देवगडकडच्या एका शिक्षिकेची गिऱ्ह्याची कथा आली होती. गिऱ्हा म्हणजे कोकणातलं पाण्यातलं भूत, आजीच्या गोष्टींतलं. तिने त्याला ना चेहरा दिला, ना कारण दिलं. फक्त खाडीच्या एका वळणावर ओहोटीचं पाणी दर खेपेला थोडं उशिरा उतरतं आणि गावातले लोक त्याप्रमाणे आपली कामं बसवतात. सरांनी ती वाचून फोन केला, "अहो, ही तुमच्या हॉजसनला आवडली असती." दुसरी एक कथा आगबोटीवरच्या रत्नागिरीच्या टिंडलाची होती. तिचा लेखक पुण्यात बँकेत नोकरी करतो, पण पणजोबा बोटीवर होते. डिसेंबर आणि जानेवारी वाचण्यात गेले. नऊ कथा ठरल्या.

ज्यांच्या कथा घेतल्या नाहीत, त्या प्रत्येकाला आम्ही दोन-चार ओळींचं खरं कारण कळवलं. वेळ खूप गेला, पण लिहिणाऱ्या माणसाला उत्तर मिळायलाच हवं. त्यातल्या काहींनी पुढे पुस्तकही मागवलं.

करारपत्र

मराठीत सामूहिक पुस्तकांना बहुधा तोंडी होकारावरच कथा दिल्या जातात. वकील मैत्रिणीने हे मान्य केलं नाही, आणि आज मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. आम्ही हक्क विकत घेतले नाहीत, फक्त परवाना घेतला. कॉपीराइट लेखकाकडेच. कागदावर चार गोष्टी नीट लिहा: किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, कुठल्या रूपात आणि किती मोबदला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. आम्ही प्रकाशनापासून तीन वर्षं लिहिली, छापील आणि ई-पुस्तक एवढंच घेतलं, ऑडिओचे हक्क लेखकांकडे ठेवले. मानधन प्रत्येकी २,००० रुपये सही करतानाच दिलं. खर्च निघाल्यावर जे उरेल त्यातला निम्मा वाटा नऊ जणांत समान, असंही लिहिलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सह्या झाल्या. तेव्हा १०० रुपयांच्या मुद्रांकावर काम झालं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ती रक्कम ५०० झाली आहे, त्यामुळे लेखक बरेच असतील तर हा खर्च आधी धरा. एक लेखिका मेलबर्नला असते. तिच्याकडून सही केलेलं स्कॅन घेतलं, मूळ कागद ती दिवाळीला घरी आली तेव्हा हातात दिला.

तांडेलांसमोर वाचन

हा भाग सगळ्यात आनंदाचा. एका कथेत रात्री मासेमारीला गेलेल्या बोटीचं मशीन बंद पडतं आणि धुक्यातून हाक येते. लेखिका ठाण्याची, तिने लिहिलं होतं मनापासून, पण बोटीवरची कामं ऐकीव होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात. तेव्हा मी आणि ती रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याला गेलो. ओळखीतले एक वयस्कर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, जाळं दुरुस्त करत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड ताणून धरलेली, हातात सुई, आणि आम्ही वाचत असताना त्यांची गाठीवरची नजर एकदाही हलली नाही. हाकेच्या प्रसंगाला मात्र हात थांबला.

"ताई, हाक आली की आम्ही गप बसून ऐकत नाय राहनार," ते म्हणाले. "आधी बॅटरी मारनार. कोन हाय ते बघनार. मग वायरलेसवर बाजूच्या बोटीला सांगनार."

"आणि धुकं असलं तर, काका?" तिने विचारलं.

"धुक्यात बॅटरी मारली तर उजेड पुढं जात नाय. तुमच्याच तोंडावर येतो. सगळं पांढरं. मग तर काय बी दिसत नाय."

तिने तिथेच वहीत उतरवून घेतलं. नव्या खर्ड्यात बोटीवरचे लोक बॅटरी मारतात, वायरलेस करतात, जे करायचं ते सगळं करतात, आणि पांढऱ्या भिंतीपलीकडून हाक येतच राहते. कथा आता पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या दोघी-तिघींत आहे असं माझं मत आहे. जाणकाराला कथा वाचून दाखवा, त्याला 'तपासून द्या' म्हणून कागद देऊ नका. ऐकताना तो जे बोलतो ते कागदावर कधीच लिहून देणार नाही. जाताना आम्ही त्यांचं नाव ऋणनिर्देशात घालू का असं विचारलं, त्यांनी बोटीचं नाव घालायला सांगितलं. ते घातलं आहे.

फॉन्ट आणि मुद्रितशोधन

युनिकोडची अट असूनही काही कथा श्रीलिपीत, एक-दोन कृतिदेवमध्ये आल्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. रूपांतर करणाऱ्या सोयी फुकट मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त मोडला तो आडवा र. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'किनाऱ्याला' ही समुद्रकथेतली रोजची अक्षरं, आणि 'गिऱ्हा' तर कथेचा नायक. एका पानावर ते पाच वेगवेगळ्या प्रकारे फुटलेलं होतं. कुठे 'र' आणि 'ह' सुटे, कुठे रफार डोक्यावर, कुठे नुसती चौकट. अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी फुटलेल्या प्रकारांची यादी करून एकेक बदलला, तरी छापील प्रूफ डोळ्यांखालून घालावंच लागलं. स्क्रीनवर ते दिसत नाहीत, कागदावर दिसतात. दोन प्रुफं कागदावर काढा, छपाईचे पैसे वाचवायला जाऊ नका.

२०८ पानं झाली. अक्षरजुळणी पानाला ५० रुपये, मुद्रितशोधन पानाला २५.

आयएसबीएन

याची लोकांना उगाच भीती वाटते. भारतात आयएसबीएनला शुल्क नाही. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, ओळखपत्र आणि पुस्तकाच्या शीर्षकपानाची प्रत चढवायची. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. मी ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज केला, क्रमांक सप्टेंबरमध्ये आला. 'आम्ही मिळवून देतो' म्हणून पैसे मागणारे लोक भेटतील, त्यांची गरज नाही. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मुखपृष्ठाच्या मागचा बारकोड त्याच क्रमांकावरून तयार होतो. मात्र क्रमांक हातात आल्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करू नका.

छपाई

सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात. त्या काळात छोट्या पुस्तकाकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि त्यात त्यांची चूकही नाही. आम्ही थांबलो आणि दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात काम दिलं. ५०० प्रती, डेमी आकार, फिकट पिवळसर कागद, कर धरून प्रतीला ८८ रुपये. २०० प्रतींचा डिजिटल छपाईचा दर यापेक्षा बराच जास्त येत होता. पहिली नमुना प्रत हातात घेऊन पूर्ण पानं उलटा. आमच्या नमुना प्रतीत एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) उलटा बसला होता, पण बांधणी थांबवायला वेळ होता. मुखपृष्ठासाठी चित्रकाराला ७,००० दिले.

सगळा खर्च मिळून साधारण ९१,००० रुपये झाला. त्यातले ५०,००० मी घातले, उरलेले वकील मैत्रीण आणि सर यांनी. किंमत ३०० ठेवली. प्रकाशनपूर्व सवलतीत २२० ला पुस्तक दिलं, त्यात १७० प्रती गेल्या आणि मोठा आधार झाला. दुकानं आणि वितरक ४० टक्के घेतात, हे किंमत ठरवतानाच मनात धरा.

पुस्तक आल्यानंतर

कायद्याने प्रकाशकाला एक काम करावं लागतं आणि ते बरेच जण करत नाहीत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची, आणि एकेक मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला. आम्ही जानेवारीतच पाठवल्या. विसरलेल्या लेखकांवर काम करायचं तर हे टाळून कसं चालेल? शंभर वर्षांनी कुणाला हे पुस्तक हवं झालं तर ते तिथेच मिळेल.

टपालाचा हिशेब मात्र बदलला होता. पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणी टपालाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आमचं पुस्तक जानेवारीत आलं. त्यामुळे प्रकाशनपूर्व मागणीच्या प्रती स्पीड पोस्टाने गेल्या आणि प्रतीमागे धरलेली रक्कम पुरली नाही. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. तिच्यात कुठली पुस्तकं चालतात याचे नियम आहेत, आधी खिडकीवर विचारून घ्या. शक्य असेल तर पुस्तक वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या आत बसेल असा कागद निवडा.

प्रकाशन समारंभ केला नाही. गावातल्या वाचनालयात एका संध्याकाळी तीन लेखकांनी आपापली कथा वाचली आणि मी हॉजसनची. वीस-पंचवीस माणसं होती, त्यांत तीन जण बोटीवरून निवृत्त झालेले. वाचन संपल्यावर त्यांतल्या एकांनी विचारलं, "हा माणूस कुठल्या कंपनीत होता हो?" मग रात्री साडेनऊपर्यंत आम्ही हॉजसनच्या जहाजांबद्दलच बोलत बसलो.

आता साठेक प्रती उरल्या आहेत आणि खर्चातले सात-आठ हजार अजून यायचे आहेत. लेखकांचे परवाने जानेवारी २०२८ मध्ये संपतील, मग कथा पुन्हा पूर्णपणे त्यांच्या. ज्यांना करारपत्राचा मसुदा हवा असेल त्यांनी कळवावं, नावं आणि रक्कम काढून तो देतो. सध्या मी हॉजसनच्या, अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रावरच्या एका कथेचा अनुवाद करतो आहे. त्यातली शेवाळात अडकलेली जहाजं मराठीत नीट उभी राहिली, तर दुसऱ्या पुस्तकासाठी पुन्हा आवाहन करू.